नावं गिळणारा प्रिंटर

१

शाळेच्या बँडमधला सगळ्यात दांडगा ढोलवाला लाँड्रीच्या काउंटरसमोर उभा होता आणि त्याच्या कोटाच्या बाह्या कोपरापाशीच संपत होत्या. शेजारी बासरी वाजवणारी मुलगी होती. तिचा कोट गुडघ्यांच्या खाली उतरला होता आणि हात बाह्यांमध्ये कुठेतरी बेपत्ता झाले होते. दोघांच्या मागे बाकीची मुलं आणि बँडच्या बाई. बाईंचा पारा चढलाय हे कळायला त्यांनी काही बोलायची गरज नव्हती, पण त्या बोलल्याच.

“आम्ही कोट धुवायला दिले होते, अदलाबदल करायला नाही. आज संध्याकाळी कार्यक्रम आहे आमचा.”

वहिनीने ढोलवाल्याच्या कोटाची कॉलर उलटी करून पाहिली. कॉलरला टाचलेल्या चिठ्ठीवर मुलाचं नाव असायला हवं होतं. तिथे नुसत्या आकड्यांच्या जोड्या होत्या, ओळीने मांडलेल्या, मधूनच एखादं चुकार इंग्रजी अक्षर. तिने दुसरी चिठ्ठी पाहिली, तिसरी पाहिली. नाव एकावरही नव्हतं.

तिला वहिनी सगळेच म्हणत, इस्त्रीवाल्या मास्तरांपासून उधारीवाल्या गिऱ्हाइकापर्यंत. दुकान सासऱ्यांचं, कारभार नवऱ्याचा आणि निस्तरायचं काम तिचं, अशी वाटणी लग्न झाल्यापासून आपोआप झाली होती.

“मास्तर, असल्या चिठ्ठ्या तुम्ही कोटांना लावल्यात?”

मास्तरांनी शांतपणे इस्त्री उभी केली. “लावल्या की. नवीन कॉम्प्युटर आलाय, म्हटलं नवीन पद्धत असेल. तुम्हीच म्हणालात ना वहिनी, आता सगळं आकड्यांवर चालणार?”

असं ती म्हणाली होती खरं, कॉम्प्युटर आला त्या दिवशी, उत्साहाच्या भरात. आता जीभ चावून काही उपयोग नव्हता.

टेबलाशी बसलेल्या बाबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, चष्मा कपाळावर चढवला. “आज सकाळीही तेच छापलंय त्याने,” ते हळूच म्हणाले. “मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.”

“झालं,” नवरा म्हणाला. “उद्या सकाळी भंगारवाला येतोय, मोडके हँगर न्यायला. हा डबाही त्याच्या गाडीत टाकू.”

डबा म्हणजे बाबांचा प्रिंटर. दुकानातली ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कर्कश वस्तू. शाईच्या फितीवर बारीक टाचण्या ठोकून तो अक्षर उठवायचा, आणि ठोकून उठवलेलं अक्षर पाणी, साबण, वाफ सगळ्यांना पुरून उरायचं. नवऱ्याने मित्राकडून एक देखणा नवा प्रिंटर आणून पाहिला होता. त्याच्या चिठ्ठ्या पहिल्याच धुण्यातून कोऱ्या करकरीत होऊन आल्या. त्यासाठी खास कागद मिळतो, असं नवरा तेव्हापासून सांगत होता.

पण प्रश्न कागदाचा नव्हता. बाबांचे गुडघे आता धुलाईच्या मशीनपाशी उभं राहू देत नव्हते. चिठ्ठ्या छापणं हे एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं. कॉम्प्युटर बदलायचा ठरला तेव्हा ते वहिनीला म्हणाले होते, “प्रिंटर गेला की मीही घरी बसेन. भिंती मोजेन.” आणि तिने शब्द दिला होता, की कॉम्प्युटर नवा आला तरी प्रिंटर तुमचाच राहील. माहेरी दिलेले शब्दही तिने कधी मोडले नव्हते, आणि हे माणूस तर तिला माहेराहून जास्त प्रिय झालं होतं.

“उद्या सकाळपर्यंत वेळ आहे ना?” तिने नवऱ्याला विचारलं.

“आहे. पण करणार काय तू?”

उत्तर दारातून आलं. “आधी त्या पोरीला उजव्या खिशात हात घालायला सांगा. खोकल्याच्या गोळीचा कागद निघेल.”

मुलीने हात घातला. हिरवा, चुरगळलेला कागद निघाला.

२

“कारण तो कोट माझा आहे,” आत्याबाई आत येत म्हणाल्या.

आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण. एका मोठ्या स्टेशनावरच्या हरवलं-सापडलंच्या खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी गेली होती. छत्र्या, ट्रंका, कवळ्या, एकदा तर अख्खा तंबोरा त्यांनी मालकाला परत केला होता. निवृत्त झाल्यावर शोधायला काही उरलं नाही म्हणून त्या इतरांच्या घरातल्या वस्तू शोधून देत, बऱ्याचदा त्या हरवायच्या आधीच.

त्यांनी आपल्या घरी आलेला बँडचा कोट पिशवीतून काढला, सगळ्या मुलांना भिंतीशी उंचीनुसार उभं केलं, कोट बाह्यांच्या लांबीनुसार लावले आणि वाटून टाकले. ढोलवाल्याचा हात बाहीत नीट बसला. बाई शांत झाल्या आणि जाताना पुढच्या वेळचेही कपडे टाकू म्हणाल्या, मात्र कोणत्या लाँड्रीत ते त्यांनी सांगितलं नाही.

“आता बोला,” आत्याबाईंनी स्टूल ओढलं. “काय हरवलंय?”

“नावं हरवलीत, आत्याबाई,” वहिनी म्हणाली आणि तिने सगळी हकीकत सांगितली.

नव्या कॉम्प्युटरला जुन्या प्रिंटरची रुंद, दातेरी वायर बसेल असं भोकच नव्हतं. इंजिनियरने एक वेगळी वायर आणली, एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला रुंद. ती निघाली आखूड. मग वहिनीने प्रिंटरच उलटा फिरवून ठेवला, म्हणजे त्याची पाठ कॉम्प्युटरकडे आली आणि वायर पोचली. दुपारभर प्रिंटर झकास चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडे सुरू झाले. इंजिनियर आला, चालू करून गेला, आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी पुन्हा आकडे.

“मधे एक सकाळ बरी गेली,” वहिनी म्हणाली. “कालची. आज पुन्हा तेच.”

आत्याबाईंनी बँडच्या दोन चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि त्या उजेडाला धरल्या. मग त्यांनी चिठ्ठ्या वहिनीपुढे धरल्या.

“पहिली ओळ वाच. दोन्हींची.”

वहिनीने वाचली. आकड्यांच्या जोड्या अगदी त्याच होत्या, त्याच क्रमाने.

“सगळ्या चिठ्ठ्यांवर आधी काय छापता?”

“शाळेचं नाव. मग मुलाचं.”

“म्हणजे शाळेचं नाव दरवेळी त्याच आकड्यांत आलंय. तापात बरळणारा माणूस दोनदा तेच बरळत नाही, सूनबाई. हा प्रिंटर पूर्ण शुद्धीत आहे. कॉम्प्युटरचं बोलणं त्याला नीट ऐकू येतंय, वायरही ठीक आहे. त्याला कुणीतरी असं लिहायला सांगतंय.”

“कुणीतरी?” वहिनीने विचारलं.

“रात्री दुकान बंद होतं तेव्हा शहाणा असतो, सकाळी उघडतं तेव्हा वेडा. मधे कोण आलं, की जाताना कुणी काही करून गेलं, ते पाहू.” आणि आत्याबाईंनी मास्तरांकडे नजर वळवली.

३

मास्तर टेबलाच्या पलीकडच्या बाजूला इस्त्री करत. त्यांचं आणि प्रिंटरचं जुनं वैर होतं. प्रिंटर सुरू झाला की मास्तरांच्या रेडिओवरचं गाणं मधेच बुडायचं, आणि नेमकं कडव्यातलं बरं तेवढंच बुडायचं.

“तुम्हाला तो आवडत नाही,” आत्याबाई म्हणाल्या.

“शेजारी आवडून थोडेच मिळतात?” मास्तर म्हणाले. “पण खरं सांगू? त्याला फिरवल्यापासून माझी सोय झालीय. पूर्वी चिठ्ठ्या बाबांच्या हातात पडायच्या. ते एकेक वाचणार, चष्मा पुसणार, मग मला देणार. आता पडतात त्या थेट माझ्या बाजूला. मी घेतो नि लावतो.”

“न वाचता.”

“वाचायचं काम बाबांचं. मी टाचायचं काम करतो.”

बाबा आपल्या जागेवरून म्हणाले, “म्हणून तर त्या दिवशी मला कळलंच नाही. छपाई माझ्याकडे पाठ करून चालते आता.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडं वाईट वाटलेलं होतं.

“किल्ल्या कुणाकडे?” आत्याबाईंनी विचारलं.

“फक्त दादांकडे आणि बाबांकडे,” मास्तर म्हणाले. दादा म्हणजे वहिनीचा नवरा. “मी सगळ्यात आधी जातो आणि सगळ्यात शेवटी येतो. लेकीने घड्याळ दिलं तरी सुधारलो नाही.”

नवऱ्याची जबानी काउंटरमागे झाली. त्याने हात वर करूनच सुरुवात केली.

“आत्या, मला नवा प्रिंटर हवाय, हे मी लपवत नाही. पण मी तोडफोड करणारा असतो तर एव्हाना तोडला असता. वाट कशाला पाहिली असती?”

हे त्याच्या स्वभावाला धरून होतं. त्याला दम म्हणून नव्हता. लहानपणी पेरलेलं बी उगवलं का ते रोज उकरून पाहायचा, असं बाबाच सांगायचे.

“सकाळी काय करतोस?”

“कुलूप उघडतो, मेन स्विच वर करतो. सगळं एकदम चालू होतं, दिवे, मशीनं, इस्त्रीची वाफ, कॉम्प्युटर, प्रिंटर. मग झाडतो. बाबा मागून येतात.”

“प्रिंटरचं बटण वेगळं नाही?”

“आहे, पण बाबांनी त्यावर चिकटपट्टी मारलीय. ते ढिलं झालंय. एकदा बंद केलं तर पुन्हा लागेल की नाही, देव जाणे. त्याला हात लावायची कुणाची छाती नाही.”

तेवढ्यात इंजिनियर आला. वहिनीने फोन केला होता. हा मुलगा हुशार होता, बोलका होता, आणि प्रिंटरकडे पाहताना त्याच्या चेहऱ्यावर दरवेळी वस्तुसंग्रहालयात आल्याचा भाव असे.

“काका, याचं वय माझ्याहून जास्त आहे,” तो बाबांना म्हणाला. “नव्या कॉम्प्युटरला याची भाषाच समजत नाही. मी दरवेळी समजावून जातो, तो विसरतो.”

“तू आलास की तो लगेच सुधारतो,” आत्याबाई म्हणाल्या. “नेमकं काय करतोस?”

“जुना प्रोग्रॅम काढतो, पुन्हा टाकतो. तासभर जातो.”

“त्याच्या आधी?”

“आधी काही नाही. प्रिंटरचा प्लग काढतो. शिकाऊ होतो तेव्हा असा झटका बसलाय, की आता प्लग उपटल्याशिवाय मी कुठल्याच वायरीला हात लावत नाही. काम झालं की परत लावतो.”

आत्याबाईंनी मान डोलावली. वहिनीला त्या मान डोलावण्यात काहीतरी आहे असं वाटलं, पण काय ते कळेना. इंजिनियरने बोलता बोलता प्लग काढला, खटपट केली, प्लग लावला. प्रिंटरने कर्र केलं आणि मास्तरांच्या बाजूला एक चिठ्ठी पडली. तिच्यावर स्वच्छ अक्षरांत नाव होतं.

“बघा,” इंजिनियर म्हणाला.

“बघितलं,” आत्याबाई म्हणाल्या. “तुझ्या तासभराच्या कष्टांचा आणि याचा काही संबंध नाही, एवढं नक्की.”

तेव्हा नवऱ्याने वहिनीला खूण केली आणि कपड्यांच्या रांगेमागे बोलावलं.

४

मागे टांगलेल्या कोटांच्या आणि साड्यांच्या मधे तो उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

“अगं, मला कळलंय कोण करतंय ते. कळलं नसतं तर बरं झालं असतं.”

“कोण?”

“कालची सकाळ बरी गेली ना? त्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. दुकान मी बंद केलं. बाकी सगळ्या दिवशी ते बंद करतात. ते बंद करतात तेव्हाच सकाळी आकडे येतात.”

वहिनीच्या हातातला हँगर तसाच राहिला. ती म्हणाली, “बाबा का करतील? त्यांचा जीव आहे त्या प्रिंटरमध्ये.”

“जुना कॉम्प्युटर फक्त त्यांनाच चालवता यायचा. आता तुलाही येतो, मलाही येतो. हा चाललाच नाही तर आपण जुना परत आणू, असं त्यांना वाटत असेल. मी त्यांना दोष देत नाही. पण सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा प्रिंटर गुपचूप गेलेला बरा.”

तिला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याची दयाही आली. तो बापाला चोर ठरवत होता आणि बापाची लाजही राखत होता, दोन्ही एकाच वाक्यात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हिशोब बरोबर होता. तिने मनातल्या मनात तो उलटासुलटा करून पाहिला. कुठेच चूक सापडेना.

साड्यांच्या पलीकडे काहीतरी हललं.

बाबा धुतलेली चादर घ्यायला आले होते. त्यांनी चादर घेतली, नीट घडी घातली आणि परत जागेवर ठेवली.

“भंगारवाल्याला आजच बोलव,” ते मुलाला म्हणाले. “मी नसलो की चालतो ना तो? मग माझ्यातच काहीतरी असेल. मला काय करतो ते आठवत नाही, पण वय झालं की माणसाला आठवतं कुठे सगळं.”

त्यांनी टेबलाच्या खणातून चष्म्याचं घर काढलं, खिशात टाकलं आणि ते दाराकडे निघाले. वहिनी पुढे झाली, पण तिच्या आधी आत्याबाईंचा आवाज आला.

“बाळ, बस.”

सत्तरी ओलांडलेले बाबा बसले. थोरल्या बहिणीपुढे त्यांचं वय कधी वाढलंच नव्हतं.

“तुझा मुलगा बरोबर बोलतोय,” आत्याबाई म्हणाल्या. “हे तूच करतोयस.”

५

वहिनीला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. मास्तरांनी रेडिओ बंद केला, आणि हे त्यांच्या बाबतीत कधी होत नसे.

“ताई,” बाबा म्हणाले, “तूसुद्धा?”

“ऐकून घे आधी. संध्याकाळी दुकान बंद करताना काय करतोस?”

“काही नाही. प्रिंटर झाकतो आणि घरी जातो.”

“आणखी?”

“आणखी काही नाही.”

“खिडकीवर मला हजारो माणसांनी सांगितलंय, की बाई, मी बॅग बाकावर ठेवलीच नव्हती. खोटं कुणीच बोलत नव्हतं. रोज जिथे ठेवतो तिथे ठेवलेलं माणसाला दिसतच नाही. म्हणून मी कधी विचारत बसायचे नाही. म्हणायचे, आलात तसे परत चालून दाखवा.” त्या उठल्या. “चला. दुकान बंद करा.”

“भर दुपारी?” मास्तर म्हणाले. “माझी इस्त्री गार होईल.”

“होऊ दे. तुम्ही नेहमी आधी निघता ना? निघा. दारात जाऊन उभे राहा.”

मास्तर कुरकुरत दारात गेले. बाबांनी कॉम्प्युटर बंद केला. नवऱ्याने मेन स्विच खाली ओढला आणि दुकान एकदम गप्प झालं. रस्त्यावरच्या सायकलींच्या घंट्या ऐकू येऊ लागल्या.

बाबांनी प्रिंटरवरची धूळ फडक्याने पुसली. मास्तरांनी कधीकाळी जुन्या पडद्याचं शिवून दिलेलं जाड कव्हर त्याच्यावर घातलं आणि कडा सारख्या केल्या. मग ते वळले, आणि वळता वळता, नजर दाराकडे असताना, त्यांचा डावा हात खिडकीच्या कट्ट्यावर गेला. तिथली जुनी कोळशाची इस्त्री त्यांनी उचलली आणि कव्हरवर, पलीकडच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात ठेवली.

“ती कशाला?” आत्याबाईंनी विचारलं.

“कोणती?” बाबांनी मागे वळून पाहिलं आणि ते स्वतःच चकित झाले. “ही होय? वाऱ्याने कव्हर उडतं म्हणून. पहिल्यापासून ठेवतो. याच इस्त्रीवर दुकान सुरू केलं होतं, टाकवत नाही.”

“आणि तू?” आत्याबाईंनी भाच्याला विचारलं. “तू बंद केलंस त्या दिवशी ठेवलीस?”

नवरा ओशाळला. “कव्हरच घातलं नव्हतं. कंटाळा आला.”

“देवाने तुला आळस दिला म्हणून एक सकाळ बरी गेली. आता कुणी काही हलवू नका. स्विच वर कर.”

नवऱ्याने स्विच वर केला. दिवे लागले, वाफ फुसफुसली, कव्हरखाली प्रिंटर गुरगुरला. बाबांनी रोजच्यासारखी इस्त्री उचलून कट्ट्यावर ठेवली, कव्हर काढून घडी घातली, कॉम्प्युटर चालू होऊ दिला आणि एक नाव टाइप केलं. चिठ्ठी पलीकडे पडली. मास्तरांनी दारातून धावत येऊन ती उचलली, आणि आयुष्यात पहिल्यांदा टाचायच्या आधी वाचली.

“आकडे,” ते म्हणाले.

“आता पुन्हा स्विच खाली,” आत्याबाई म्हणाल्या. “आणि या वेळी प्रिंटर उघडाच राहू दे.”

या वेळी चिठ्ठी पडली तिच्यावर नाव होतं.

६

इंजिनियर प्रिंटरवर वाकला होता. “इथे बघा,” तो म्हणाला. त्या कोपऱ्यात, जिथे इस्त्री होती तिथेच, कागद सरकवायची दोन छोटी बटणं वर आलेली होती. “ही दोन्ही दाबून धरली आणि मशीन चालू केलं, तर ते नाव छापत नाही. कॉम्प्युटरकडून आलेले संकेत जसेच्या तसे आकड्यांत छापत सुटतं, बंद करेपर्यंत. दुरुस्ती करणाऱ्यांसाठी ठेवलेली सोय असते. आमच्या सरांनी एकदा सांगितलं होतं. मी तेव्हा डबा खात होतो.”

“आणि बंद तर दिवसभर कुणी करत नाही,” आत्याबाई म्हणाल्या, “कारण बटणावर चिकटपट्टी. फक्त तू येऊन प्लग काढायचास, आणि तेव्हा वर इस्त्री नसायची. प्रिंटर तुझ्या प्लगाने सुधारायचा आणि श्रेय तुझ्या प्रोग्रॅमला जायचं. चांगली सकाळ आणि वाईट सकाळ एकसारख्या दिसतात तेव्हा मी बघते, चांगल्या दिवशी काय नव्हतं. चांगल्या दिवशी वर कुणी काही ठेवलेलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात तो हा.”

नवऱ्याला एक शंका होतीच. “पण आत्या, इस्त्री तर बाबा वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात ठेवतात. मग आधी का नाही झालं असं?”

आत्याबाईंनी तोंड उघडलं आणि मग वहिनीकडे पाहून मिटलं.

वहिनीला एका क्षणात सगळं दिसलं. आखूड वायर, दुपारची वेळ, बाबा न्हाव्याकडे गेलेले, आणि तिचे स्वतःचे दोन हात, प्रिंटर धरून गर्रकन फिरवणारे. आधी बटणं बाबांच्या उजव्या हाताशी होती. त्या पलीकडच्या कोपऱ्यात नुसतं प्लास्टिक होतं. तिने प्रिंटर फिरवला आणि बटणं जाऊन बरोबर इस्त्रीच्या जागेवर बसली. सगळ्यांना चौकशीला बसवणारी ती, आणि मुद्देमाल तिच्याच हातचा.

“मी फिरवला,” ती म्हणाली. “बाबा, मी तुम्हाला न विचारता फिरवला. वायर पुरत नव्हती, पण विचारायला हवं होतं. तुम्ही असतात तर लगेच म्हणाला असतात, बटणं तिकडे नकोत.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग इस्त्रीकडे, मग प्रिंटरकडे. आणि ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला त्यांना चष्म्याचं घर परत खिशातून काढून त्यातलं फडकं घ्यावं लागलं.

“म्हणजे मला वेड लागलेलं नाही तर,” ते म्हणाले. “दोन दिवस मी घरी जाऊन तेच तपासतोय, की दार लावलं का, गॅस बंद केला का. म्हटलं, गेलं आता डोकं.”

कुणालाच हे माहीत नव्हतं. नवरा खाली बघत होता आणि पायाने फरशीवरचा नसलेला डाग पुसत होता.

“बाबा,” तो म्हणाला, “मी मागे साड्यांत जे बोललो…”

“हिशोब बरोबर होता तुझा,” बाबा म्हणाले. “मीच करत होतो की. फक्त का करतो ते तुला चुकीचं वाटलं. ते बी उकरण्यासारखंच झालं.”

“लांब वायर मिळेल का रे?” वहिनीने इंजिनियरला विचारलं.

“आहे ना,” तो म्हणाला आणि बॅगेतून वेटोळं काढलं. “पहिल्या दिवसापासून आहे. तुम्ही मागितलीच नाही.”

यावर मास्तरांनी रेडिओ सुरू केला.

प्रिंटर पुन्हा होता तसा फिरवला गेला, या वेळी बाबांना विचारून. चिठ्ठ्या बाबांच्या हातात पडू लागल्या. ते एकेक वाचत, चष्मा पुसत आणि मग पलीकडे देत. मास्तर म्हणाले, पुन्हा आली का उशिराची पद्धत, पण दिलेली प्रत्येक चिठ्ठी टाचण्याआधी आता तेही वाचत होते. पहिली चिठ्ठी आत्याबाईंच्या कोटाची निघाली. त्यांनी ती कॉलरला लावू दिली नाही. खिशात ठेवली, खोकल्याच्या गोळ्यांबरोबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला आला, तेव्हा दारातच कर्र कर्र आवाज ऐकून त्याने विचारलं, “ते जुनं मशीन देणार होता ना?”

“हँगर घेऊन जा,” नवरा म्हणाला. “ते मशीन कामावर आहे.”

त्या संध्याकाळी बाबांच्या गुडघ्यांनी जरा जास्तच कुरकूर केली, म्हणून दुकान नवऱ्याने बंद केलं. वहिनी दारात कुलूप घेऊन उभी होती. त्याने दिवे मालवले, मेन स्विच खाली ओढला, आणि तो निघालाच होता. मग थांबला. परत फिरला. कव्हर उचललं, प्रिंटरवर घातलं, कडा सारख्या केल्या. खिडकीच्या कट्ट्यावरची जड इस्त्री दोन्ही हातांनी उचलली आणि ती तशीच धरून तो दाराकडे पाहत राहिला. दाराबाहेर बाबा चपला घालत होते.

“बाबा,” त्याने विचारलं, “कुठल्या कोपऱ्यात ठेवू?”

बाबांनी एक चप्पल घातली, दुसरी तशीच सोडली आणि आत आले.

“नेहमीच्याच,” ते म्हणाले. “पण आधी खाली बघ. मग ठेव.”

दोघांनी कव्हरचा कोपरा उचलून, वाकून बघितलं, आणि मग ठेवली.